मनावरच्या यंत्राची उत्तर दिशा

दूर कुठे मोठा भूकंप झाला की भूकंपवाले काका आधी तिथल्या माणसांसाठी हात जोडायचे आणि मगच नोंद उघडायचे. "त्यांची घरं पडतात, तेव्हा आपल्याला जमिनीखालचं दिसतं," म्हणायचे. देवासच्या आमच्या मराठी मंडळींना त्यांचं काम कधी उमगलं नाही. एम.एस्सी. करून त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा मलाही उमगलं नव्हतं.

त्यांनीच समजावलं. दूरच्या भूकंपाची लाट खालून वर येते. आपण ज्या कठीण भूपट्टावर राहतो, त्याच्या तळाशी तिचा थोडा भाग रूप बदलतो आणि मुख्य लाटेच्या जरा आधी पोचतो. दोन्हींतल्या सेकंदांवरून भूपट्टाच्या जाडीचा अंदाज बांधायचा. "भिया, सेकंद खरे तर किलोमीटर खरे," हे त्यांचं पालुपद. भिया म्हणजे भाऊ; मी मुलगी, तरी मला भियाच म्हणत.

मनावर गावाजवळचं भूकंपमापक यंत्र होकायंत्राने उत्तर दिशा पाहून मी बसवलं होतं. चार वर्षांच्या नोंदींतून भूपट्ट अपेक्षेपेक्षा फारच पातळ निघाला. शोधनिबंध छापून आला, धारला सत्कार ठरला. त्याआधी काका एकटेच मनावरला जाऊन आले. मला काही बोलले नाहीत.

सत्कारात खांद्यावर पडलेली शाल त्यांनी घडी करून टेबलावर ठेवली आणि माइकवर म्हणाले, "हमारा आँकड़ा ग़लत है." माळव्याच्या काळ्या खडकातल्या लोहाने होकायंत्र फिरलं, यंत्राचा उत्तरेचा बाण तिरका बसला, लाटांची भेसळ झाली आणि तिलाच आम्ही तळाची खूण समजलो. निबंध मागे घेतो आहे. शेवटी म्हणाले, "मशीन मैंने लगाई थी."

होकायंत्र माझ्या हातात होतं. उठून सांगायला हवं होतं. मी बसूनच राहिले.

देवासच्या बसमध्ये मी रडले. "तपासणीच्या कागदावर मीच न बघता सही केली होती," असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आता सूर्याच्या सावलीवरून उत्तर दिशा काढ आणि यंत्र पुन्हा बसव, एवढंच वर म्हणाले. प्रकल्प त्यांच्याकडून काढून घेतला गेला. ते धामनोदला बहिणीकडे राहायला गेले.

यंत्र मी सावलीवरून पुन्हा बसवलं; नव्या नोंदींत भूपट्ट चांगला जाड निघाला. त्या निबंधात मी लिहिलं, की यंत्र पहिल्यांदा माझ्या हातून चुकीचं बसलं होतं. वाचून काकांचा फोन आला. ते आमचं शेवटचं बोलणं ठरलं; महिन्याभरात ते गेले.

त्या फोनवर ते म्हणाले, "भिया, भर सभेत मी जन्मात एकदाच खोटं बोललो. तेही तू टिकू दिलं नाहीस."