गंगेकाठची परमिट रूम

शहागडला गोदावरीच्या काठावर एक दगडी परमिट रूम होती. गोदावरी आपलं लिहिताना म्हणायचं, आमच्याकडे सगळे गंगाच म्हणतात. पूल नव्हता तेव्हा नावेची वाट बघणाऱ्यांना टेकायला म्हणून निजामाच्या काळात ती इमारत बांधली, असं सांगायचे. पुढे तिथे शिंदीचं दुकान आलं आणि नंतर परमिट रूम. माझे वडील दर रविवारी अंबडहून एसटीने तिथे जायचे, थोडी घ्यायचे आणि दिवेलागणीला शहाण्यासारखे घरी यायचे. आले की त्या जागेचं कौतुक सुरू. जाड भिंती, भर उन्हाळ्यातला गारवा, नदीकडची खिडकी, तिथले तळलेले मासे. आई भाकरी थापत ऐकून घ्यायची. दारूवरून तिने त्यांच्याशी कधी वाद घातला नाही, याचं मला नवलच वाटायचं.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. बीडकडचं एक लग्न उरकून आम्ही तिघं जीपने परतत होतो. शहागड आलं तशी आई म्हणाली, मला एकदा ती जागा बघायची आहे. वडिलांनी टाळाटाळ केली, तिथे बायामाणसं येत नाहीत म्हणाले. आई हटली नाही. जीपवाल्याला तिनेच थांबायला सांगितलं.

आम्हाला बघून मालकाने घाईघाईने फॅमिली रूम उघडली. फॅमिली रूम म्हणजे कोपऱ्यात प्लायवूडचा आडोसा, पुढे मळकट पडदा, आत एक टेबल. खिडकी नाही. आम्ही दोघी आत बसलो आणि वडील सवयीने सरळ आपल्या खिडकीपाशी जाऊन बसले. त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला हसू आवरेना. आईला मात्र हसू आलं नाही. तिने पडदा सारला, पदर नीट केला आणि भरल्या परमिट रूममधून चालत जाऊन त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसली. मागोमाग मी. सगळ्यांचं बोलणं थांबलं. एकाने तर ग्लास टेबलाखाली घेतला. वडील लाजेने अर्धे झाले.

आई नदीकडे बघत राहिली. पाणी संथ होतं, पलीकडे कुणी म्हशी धूत होतं. मालकाने मासे आणून ठेवले, ते तिने चवीने खाल्ले. तिला इतकी निवांत बसलेली मी घरी कधी पाहिलीच नव्हती. मला फार आनंद झाला. मग ती हळूच वडिलांना म्हणाली, "किती बरं वाटून राह्यलं हितं. अन् तुम्ही एकटेच येत व्हता."

"आता येत जाऊ की दोघं," वडील म्हणाले.

पुढच्या रविवारी आई दुपारीच आवरून, ठेवणीतली साडी नेसून ओसरीवर बसली. वडील म्हणाले, आज गुडघा दुखतोय. त्याच्या पुढच्या रविवारीही दुखला. मग त्यांचं शहागडला जाणंच बंद झालं. गल्लीतल्या बायका आईचं कौतुक करायच्या, नवऱ्याची दारू सोडवली म्हणून. मला त्या कौतुकाचा संताप यायचा. तिला त्यांची दारू सोडवायची नव्हतीच, तिला सोबत जायचं होतं.