सोलर बघायला उत्तनला

आधीच सांगते, मी भित्री बाई आहे. लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, रोपवेत बसत नाही आणि गेल्या वर्षीच्या थंडीपासून स्वतःच्याच घरातल्या बाथरूमला घाबरते. या शेवटच्या भीतीला सगळे हसतात. पण झालं असं, की त्या दिवशी मी गॅस गिझर लावून डोक्यावरून न्हात होते, डास येतात म्हणून खिडकी बंद, आणि एकदम डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी कडी काढली आणि पॅसेजच्या लादीवर आडवी झाले. डॉक्टरांनी बीपी तपासलं. विलासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, "बीपीच असणार" म्हणून विषय मिटवला.

मी काही मिटवला नाही. वाचत सुटले. बंद जागेत गॅस गिझर जळत राहिला की जो वायू साठतो त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला नुसतं गुंगल्यासारखं होतं आणि तो तिथेच बसून राहतो. तेव्हापासून मी स्वयंपाकघरात पातेलंभर पाणी तापवून न्हाते. विलास मात्र दिवसातून दोनदा त्याच गिझरखाली, कडी लावून, खिडकी बंद करून. तो आत असला की बाहेर माझा जीव टांगणीला. आम्ही भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कला, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर गच्ची आहे, सोलर बसवू या म्हणून मी मागे लागले. तर म्हणतो, "आधी कुणाकडे नीट चालतंय ते बघून तरी ये. मग बोलू."

बघून ये म्हणालास ना? बघूनच येते! लगेच फिलूला फोन लावला. फिलू म्हणजे फिलोमिना. आम्ही दोघी भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात कितीतरी वर्षं शेजारी बसलोय. ती उत्तनच्या कोळीवाड्यातली. दिवाळीत तिने साठवलेल्या पैशांतून घरावर सोलर बसवला होता. म्हणाली, "शनवारी ये, ऱ्हा रात्री, आणि मनसोक्त न्हा."

शनिवार

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: भाईंदर पूर्वेहून स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरायचं, बाहेरच उत्तनची बस मिळते. तिकीट वडापावच्या पैशात होतं. खिडकी डावीकडची की उजवीकडची असा वाद घालू नका, दोन्हीकडे बघण्यासारखं आहे. इमारती संपल्या की मिठागरं सुरू होतात, मग मुर्धा, राई, मोर्वा ही गावं, मग रस्ता वळणं घ्यायला लागतो आणि सुक्या मासळीचा वास येतो. ज्यांना तो सोसत नाही त्यांनी रुमाल ठेवावा. मला तर भूक लागते. रविवारी बसला फार गर्दी असते, शनिवारी सकाळी निवांत.

शेजारी रिकाम्या टोपल्या घेऊन एक मावशी बसल्या होत्या, भाईंदरच्या बाजारात मासळी विकून परतत होत्या.

"कुनाकडं जातेस?"

मी सांगितलं, सोलर बघायला.

"आमच्या वाड्यान पन घेतलाय दोघा-तिघांनी. दुपारी काय कडक पानी येतं, हात घालवत न्हाय."

"दुपारी? आणि सकाळी?"

"सकाळी पन येतं." जरा थांबून म्हणाल्या, "कधी कधी."

हे 'कधी कधी' माझ्या डोक्यात बसलं. विलासला हेच ऐकायचं असणार.

फिलू नाक्यावर घ्यायला आली होती. जानेवारी असूनही घराघरांवर नाताळचे कंदील आणि चांदण्या तशाच लटकत होत्या. तिचा नवरा बोटीवर, मुलगा आखातात, घरात ती आणि तिचे सासरे. त्यांना सगळा वाडा पापा म्हणतो, मीही तेच म्हणाले. सत्तरी ओलांडलेले, हात अजून दणकट, कान मात्र कमी. आयुष्यभर होड्या बांधल्या आणि दुरुस्त केल्या. जेवायला ओल्या बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी. एवढं खाल्लं की गच्चीचा जिना चढताना धाप लागली.

गच्चीवर सोलर होता. काळ्या काचेच्या नळ्यांची तिरकी रांग, वर गोल पांढरी टाकी. मी मोठ्या कौतुकाने पुढे झाले आणि बघते तर काय, नळ्यांच्या समोरच बांबूची भलीमोठी वलांडी उभी, आणि तिच्यावर बोंबील एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले. निम्म्या नळ्या सावलीत!

"अगं फिलू, ऊन नळ्यांवर पडायला नको का?"

पापा मागून वर आले होते. हे बरं ऐकू आलं त्यांना. म्हणाले, "ऊन पयलं मासलीचं. उरंल ते पान्याला."

फिलू हसली. म्हणाली, खाली अंगण होतं तिथे आता रस्ता आला, वलांडी न्यायची कुठे? आणि पाणी येतंय की व्यवस्थित, पापाच रोज सांगतात. पाहुणी म्हणून आले होते, पहिल्याच दिवशी किती चुका काढणार?

दुपारी जवळच्या चौक गावातल्या धारावी किल्ल्यावर गेलो. रिक्षा करा, चढ दमवतो. वरून समुद्र आणि पलीकडे वसईचा किनारा दिसतो. तिथे तासभर मी सगळी भीती विसरले, हे प्रामाणिकपणे सांगते.

संध्याकाळी हातपाय धुवायला न्हाणीघरात गेले, पायांवर पाणी घेतलं आणि वर बघितलं. भिंतीवर गॅसचा गिझर. जुना, गंजका, पण जागेवर. आणि वर जिथे हवेची जाळी असायला हवी, तिथून सोलरचा पाइप आत घेतलेला आणि उरलेली सगळी जाळी सिमेंटने बंद. इतकी सफाईदार, की बोट फिरवलं तरी चीर सापडू नये. दरवाजा फायबरचा, चौकटीत घट्ट बसणारा.

मी ओल्या पायांनीच बाहेर आले. "फिलू, ही जाळी कुणी बुजवली?"

"पापांनी. पलंबर पाइप टाकून गेला, बाजूला फट राहिलेली. पापांना फट दिसली की झालं! होडीत फट ठेवून चालतं काय?"

"अगं पण हा गिझर..."

"तू काय घाबरट हायस ग सुनी! मेलाय तो. ग्यासची टाकी रिकामी हाय, महिना झाला. पावसाळ्यात लागंल म्हणून काढला न्हाय एवढंच."

मी म्हटलं, उद्याच्या उद्या जाळी फोड आणि गिझर काढ. ती "हो ग बाई, हो" म्हणाली, जसं लहान मुलाला म्हणतात. टाकी बाहेर पॅसेजमध्ये होती. मला ती हलवून बघायची होती, पण पापा समोर बसलेले, मग लाज वाटली. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवार

रविवारी सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आणि उत्तनला मिस्सेला कुणी आंघोळीशिवाय जात नाही. फिलू पहिली न्हाली. मी विचारलं, "पाणी?" म्हणाली, "जरा कोमट. थंडी हाय ना." मग चहा ठेवायला गेली. पापा पंचा घेऊन आत गेले, कडी लागली.

मी बाहेरच्या खोलीत बसले होते. पाणी सुरू झालं. मग तो आवाज आला. आधी टक्, मग भर्रर्र. हा आवाज मी झोपेतही ओळखीन. वर्षभर तो ऐकतच मी बाथरूमबाहेर उभी राहिलेय. मेलेला गिझर पेटला होता!

मी धावत स्वयंपाकघरात गेले. "फिलू, गिझर चालू झालाय."

"काय तरीच काय."

"अगं ऐक तरी!"

ती ऐकू लागली. तिचा चेहरा उतरला, तरी म्हणाली, "दोन मिंटात येतील बाहेर. म्हाताऱ्याला ओरडू कशी मी?"

आम्ही दाराबाहेर उभ्या राहिलो. आणि मग माझ्या लक्षात आलं, की पाण्याचा आवाज एकसारखा येतोय. न्हाणाऱ्या माणसाचा आवाज असा नसतो. तांब्या आपटतो, पाणी अंगावर पडतं, थांबतं, खाकरणं येतं. इथे नुसतं नळाचं पाणी बादलीत पडत होतं, आणि बादली भरून वाहत होती.

"पापा!" मी दार वाजवलं. काही नाही.

"कान मंद हाय त्यांचे," फिलू म्हणाली, आणि तीही हाका मारायला लागली.

"पापा! ओ पापा!" मी दोन्ही मुठींनी दार बडवलं. खरं सांगू, मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. त्या दारामागे काय दिसेल ते मला बघायचं नव्हतं. फिलूने गॅसची टाकी बंद केली, भर्रर्र थांबलं. मग ती दाराला खांदा मारायला लागली. दार हलेना. मी दोन पावलं मागे गेले आणि फायबरच्या खालच्या भागावर लाथ घातली. पन्नाशीच्या बाईने, साडी वर खोचून. तिसऱ्या लाथेला तडकलं, मग हात आत घालून फिलूने कडी काढली.

पापा पाटावर बसलेले, पाठ भिंतीला, डोळे अर्धे उघडे, तोंड लाल. हाक ऐकू येत होती असं वाटत होतं, पण मान हलत नव्हती. आम्ही दोघींनी काखेत धरून ओढत त्यांना ओटीवर आणलं. फिलूने मिस्सेसाठी काढून ठेवलेली नवी साडी त्यांच्या अंगावर टाकली आणि "पापा, पापा" करत गालावर मारत बसली. शेजारची माणसं धावून आली, कुणी रिक्षा बोलावली. मोकळ्या हवेत त्यांनी एक मोठा श्वास घेतला. दुसरा येईपर्यंत मी माझा धरून ठेवला होता. मग ते भडाभडा ओकले, आणि फिलू रडायलाच लागली.

भाईंदरच्या इस्पितळात ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, कार्बन मोनॉक्साइड, अजून थोडा उशीर झाला असता तर हातात काही नव्हतं. दुपारी पापांना नीट शुद्ध आली. पहिला प्रश्न, "मिस्सा झाली काय?"

फिलू त्यांच्यावर खेकसली. "टाकी कवा भरून आणलीत?"

ते हळूच म्हणाले, "परवा, तू हापिसात व्हतीस तवा. पानी थंड येयाचं ग. रोजच. तू एवढं पैशे घालून बसवलंस, तुला कसं सांगू, तुजा सोलर चालत न्हाय?"

फिलूने तोंडावर पदर धरला. बिचारा सोलर! त्याला ऊन मिळूच दिलं नव्हतं, तर तो तापवणार काय? आणि हे सांगणार कोण, पापांना सुनेचं मन मोडायचं नव्हतं, सुनेला सासऱ्याचं. संध्याकाळच्या आत शेजाऱ्यांनी वलांडी नळ्यांमागे सरकवली, मी पापांजवळ बसले तेवढ्यात फिलूने घरी जाऊन स्वतः हातोड्याने जाळी फोडली आणि गिझर भिंतीवरून उतरवून भंगारवाल्याच्या दारात ठेवून आली. पापांना दोन दिवस तिथेच ठेवणार आहेत.

तुमच्यापैकी कुणी सोलर घेणार असेल तर एवढं करा. दिवसभर सावली कुठून कुठे फिरते ते आधी बघा. पाइप आत घेताना हवेची जाळी बुजवू देऊ नका. आणि जुना गॅस गिझर त्याच दिवशी काढा. 'असू दे, लागंल कधीतरी' म्हणून ठेवलात तर लागतोच.

घरी

इस्पितळातून रिक्षाने मी सात वाजता जेसल पार्कला पोचले. रस्ताभर ठरवत होते, विलासला कुठून सांगायला सुरुवात करू. उत्तनचा समुद्र, पापांचं बोलणं, ते सगळं नंतर. आधी गिझर. तो म्हणणार, बघ, सोलरने पाणी तापलंच नाही ना? त्यावर काय बोलायचं तेही जुळवत होते.

किल्लीने दार उघडलं. दिवाणखान्यात टीव्ही चालू, माणूस नाही. बाथरूमचं दार बंद. आतून भर्रर्र.

मी चपला काढल्या नाहीत. हाक मारली नाही, दार वाजवलं नाही, जुळवलेलं काहीच बोलले नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याखाली वाकून गिझरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवला.

आतून अशी बोंब आली म्हणता! "अरे कोण आहे तिकडे? गार पाणी! सुनीता, अक्कल आहे का?" जानेवारीतलं गच्चीवरच्या टाकीचं पाणी, साबण लावलेल्या अंगावर. तो आत थयथयाट करत होता, शिव्या देत होता, बादलीला लाथ मारत होता. मी बाथरूमच्या दाराला पाठ लावून लादीवर बसले, आणि तो ओरडायचा थांबू नये असं मला वाटत होतं.