आठ वाजताची ओहोटी

ती घटना आजही आठवली की आरोपीच्या आधी मला माझाच राग येतो.

मी तेव्हा वसई-विरार भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गास गावाच्या बाजूला खाडीवर एक उघाडी होती, म्हणजे नाल्याच्या तोंडाशी बसवलेला लाकडी दरवाजा. ओहोटीला तो उघडून पावसाचं पाणी सोडायचं, भरतीला लावून खारं पाणी शेताबाहेर ठेवायचं. चावी एका शेतकरी काकांच्या घरी, त्यांच्या आजोबांपासून. वरच्या अंगाला नवी सोसायटी झाली आणि तिच्या तळमजल्यात पाणी साचू लागलं. सोसायटीवाले म्हणाले, काका मुद्दाम दरवाजा लावून बसतात. हमरीतुमरी झाली आणि प्रकरण ठाण्यात आलं.

मी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं, चहा पाजला आणि तासाभरात समजुतीचा कागद केला. 'दररोज सकाळी आठ वाजता उघाडी उघडावी.' दोघांच्या सह्या झाल्या, खाली माझी. प्रकरण मिटल्याचं वरिष्ठांना मी ऐटीत कळवलंसुद्धा.

आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, कुणीतरी उघाडीचं कुलूप तोडलं. भर भरतीचं खारं पाणी काकांच्या पोटरीला आलेल्या, लोंब्या धरू लागलेल्या भातात शिरलं. सगळं पीक गेलं.

माझा संशय खाडीकाठी मातीचा भराव टाकणाऱ्या डंपरवाल्यांवर गेला; दोन दिवस त्यांना ठाण्यात बसवून फैलावर घेतलं. त्यांचा काडीचा संबंध नव्हता. मग खाडीत जाळं लावणाऱ्या एकाने आमच्या हवालदाराला सांगितलं, "चश्मेवाला मानूस होता. मोबाईल बगत उभा राहिला, आठ वाजले तसा कुलपावर हातोडा घातला."

तो सोसायटीचा सेक्रेटरी निघाला. मुंबईत मोठ्या हुद्द्यावर. त्याने दहा मिनिटांत कबुली दिली, तीही ताठ मानेने.

"सर, दुसऱ्याच दिवशी त्यांनी पावणेनऊला उघडलं, तिसऱ्या दिवशी साडेनऊ. रोज उशीर. अॅग्रीमेंट त्यांनी तोडलं, मी फक्त पाळलं."

"पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येतंय, हे दिसलं नाही?" मी ओरडलो.

"दिसलं ना. पण कागदावर आठ लिहिलंय. तुमचीच सही आहे."

एवढा शिकलेला माणूस, डोळ्यांदेखत शेत बुडतंय आणि हा कागद दाखवतोय! संताप झाला. मी काकांना बोलावलं. आठची वेळ जमणार नाही, हे कागद केला त्याच दिवशी का नाही बोललात, असं त्यांनाच दरडावून विचारलं.

"साहेब, त्या दिवशी आठलाच ओहोटी होती. रोज पाऊन तास पुढे सरकते, ते काय सांगायला लागते? पानी घड्याळ बगून येते काय?"

सेक्रेटरीवर नुकसानीचा गुन्हा दाखल झाला. काकांच्या जमिनीतला खार काही त्यामुळे धुऊन निघाला नाही.

आजही दोन राज्यांचा पाण्याचा करार फिसकटल्याची बातमी आली, की लोक विचारतात, लबाडी कुणाची? माझ्या प्रकरणात लबाड कुणीच नव्हतं. एकाला जे सांगण्याची गरज वाटली नाही, ते दुसऱ्याला ठाऊकच नव्हतं. आणि ते विचारणं ज्याचं काम होतं, तो मधे बसून चहा मागवत होता. उघाडी ठाण्यापासून जीपने दहा मिनिटांवर. कागद लिहिण्याआधी मी तिथे एकदाही गेलो नव्हतो.