सुजाताचं थर्मामीटर

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण गेल्या महिन्यात सुजाता गेली तेव्हा आमच्या चिखलोलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली आणि त्या रांगेत मीही उभा राहिलो. याच ग्रुपवर मागच्या उन्हाळ्यात मी तिला फसवी म्हटलं होतं. तेव्हा माझ्या मेसेजला पसंतीचे अंगठे देणाऱ्यांनीच आता ‘हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपलं’ असं लिहिलं. सुजाता हसतमुख नव्हती. ती कुचकट बोलायची, मोठ्याने बोलायची आणि गिऱ्हाइकाचीही भीड ठेवायची नाही. मेल्यावर माणसाला निदान त्याचा स्वभाव तरी ठेवू द्यावा...

उल्हासनगरच्या कॉलेजात आम्ही इलेक्ट्रॉनिक्सला एका वर्गात होतो. मी पुढे बिल्डरांसाठी थ्रीडी चित्रं करू लागलो, म्हणजे जाहिरातीतली हिरवळ, जी बांधकाम संपल्यावर कुठेच नसते, ती मी फुलवतो. सुजाताने तिथल्याच कॅम्प तीनमध्ये एका कापडाच्या दुकानावरची खोली घेऊन कॉम्प्युटर जोडायला सुरुवात केली. खालचे सिंधी दुकानदार तिला ‘अदी’ म्हणजे ताई म्हणायचे आणि गिऱ्हाइकं वर पाठवायचे. ती गिऱ्हाइकं दारात उभी राहून तिच्या खांद्यावरून आत कोणी पुरुष आहे का बघायची.

“सेठ किधर है?”

“सेठ मैंच है. बोल.”

हा प्रसंग मी कितीदा पाहिला असेन. प्रत्येक वेळी हसलो. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे आता कळत नाही.

तिची काम करायची रीत वेगळी होती. पार्टांचं बोलण्याआधी ती गिऱ्हाइकाच्या घरी जायची आणि जिथे मशीन ठेवायचं त्या खोलीत दुपारभर बसायची. सोबत भिंतीवर टांगायचं एक साधं थर्मामीटर. ऊन कुठून येतं, पंखा लावल्यावर धूळ कुठे साचते, संध्याकाळी सगळ्यांचे एसी सुरू झाल्यावर व्होल्टेज किती खाली येतं, सगळं बघायची. मशीन जोडून झालं की शेवटची जुळणीही दुकानात नाही, त्याच खोलीत. खिडक्या बंद करून, ऐन उन्हात, मशीनला पूर्ण कामाला लावायचं आणि मग प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं थोडं खाली आणत, पंख्यांचा वेग वर नेत, तासन्‌तास चालूनही ते दमणार नाही अशा ठिकाणी आणून थांबवायचं. माझं मशीनही तिनेच जोडलं. माझी खोली सर्वांत वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीची. ती भिंतीला हात लावून म्हणाली होती, “अरे, ही खोली आहे का तवा? इथे मे महिन्यात तूच बंद पडशील, मशीनचं काय घेऊन बसलास.” जाताना थर्मामीटर तिथेच खिळ्याला ठेवून गेली. “असू दे. कधीतरी बघत जा.”

मी ते बघितलं नाही, यूट्यूबवरचा व्हिडिओ बघितला. तोच प्रोसेसर, तेच ग्राफिक्स कार्ड, आणि त्या माणसाच्या चाचणीचा स्कोअर माझ्यापेक्षा बराच वर. शेजारच्या पोरांना दाखवला तर ती म्हणाली, “काका, बाईने चुना लावला तुम्हाला.” बाई या शब्दावर मी तिथेच हटकायला हवं होतं. त्याऐवजी मला पटलं. पंचवीस वर्षांपासूनची मैत्रीण, पण फोन तिला केला नाही. ग्रुपवर लिहिलं.

ती दुसऱ्या दिवशी आली. तिला मी मशीनला हात लावू दिला नाही.

“स्कोअर दोन मिनिटांचा असतो,” ती म्हणाली. “तुझं चित्र निघायला रात्र जाते. मी रात्रीसाठी बांधलंय. त्या व्हिडिओवाल्याच्या खोलीत एसी आहे, तुझ्याकडे तवा आहे.”

“मग मला आधी सांगायचंस, की तू स्लो केलंयस.”

“सांगितलं होतं. तेव्हा तू बिल्डरशी फोनवर साहेब साहेब करत होतास.”

ती गेल्यावर मी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळाशी असलेल्या सेटिंगमध्ये शिरलो आणि तिने घातलेल्या सगळ्या मर्यादा काढून टाकल्या. पंख्यांचा आवाज नको म्हणून तेही मंद केले. स्कोअर वाढला. मी त्याचा फोटो काढला. मे महिन्यात एका मोठ्या प्रोजेक्टचं काम निम्म्यावर असताना मशीन धाडकन बंद पडलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा पडलं. बिल्डरने काम काढून घेतलं. मी रागाने ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला : माल निकृष्ट आहे, सावध राहा. सेटिंग मी बदललं होतं हे लिहिलं नाही. तो मेसेज बदलापूरपर्यंत फिरला. तिथल्या एका क्लासची कॉम्प्युटर लॅब ती उभी करणार होती. त्यांनी नको म्हणून कळवलं.

तिचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरलो. “ग्रुपवर लिहिलंस ना? मग ग्रुपवरच खोड. सगळ्यांना ऐकू जाईल असं.” मी म्हणालो, “बघतो.”

फोन ठेवून बायोस उघडलं. तिची मूळ जुळणी तिने तिथेच एका नावाने साठवून ठेवली होती : ‘दुपार’. ती लावली. मशीन रात्रभर चाललं, आजही चालतंय. म्हणजे त्या रात्रीच मला सगळं कळलं होतं, आणि तरी मी खोडलं नाही. लोक काय म्हणतील, एवढंच कारण. ‘बघतो’ म्हणून मी वर्ष काढलं आणि एका सकाळी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला.

श्रद्धांजलीच्या रांगेनंतर शेवटी मी खरं काय ते ग्रुपवर लिहिलं. थोड्याच वेळात आमच्या सेक्रेटरींनी ते काढून टाकलं. “दुःखाच्या वेळी वाद नको,” म्हणाले. मी त्यांना विचारलं, माझे आधीचे दोन मेसेज तुम्ही का काढले नाहीत? ते अजून तिथेच आहेत. बदनामीला जागा आहे, माफीला नाही, असा हा आमचा सुशिक्षित लोकांचा ग्रुप.

मग मी खिळ्यावरचं थर्मामीटर काढलं आणि अंबरनाथला बुवापाड्यात तिच्या आईकडे गेलो. दोघीच राहायच्या. काकूंना कमी ऐकू येतं हे मला माहीत होतं, पण इतकं कमी, हे माहीत नव्हतं. त्यांनी थर्मामीटर उलटसुलट करून पाहिलं आणि परत माझ्या हातात दिलं. “तिने तुझ्याकडे लावलं ना? मग तिथेच लाव.” मी खाली मान घालून, हळू आवाजात, घरून ठरवून आणलेलं बोललो. काकू कानामागे हात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“मोठ्याने बोल रे. सुजाता कशी बोलायची, तसं.”

दार उघडं होतं. गल्लीत नळाशी बायका उभ्या होत्या, समोरच्या ओट्यावर माणसं बसली होती. क्षणभर वाटलं, दार लोटून घ्यावं... नाही लोटलं. जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात ओरडलो :

“काकू, सुजाताचं मशीन चांगलं होतं. ते मी बिघडवलं आणि नाव तिचं घेतलं. मी खोटं बोललो. मला माफ करा.”