खिशातली सायकलची तार

गड्यांनो, आज तालमीच्या फळ्यावर सुविचार न्हाई, माझा संताप वाचा.

किल्ली हरवली तर कुलूप उघडायला खिशात काय ठेवावं, याचा मी लय विचार केला. छत्रीची काडी वाकली, केसाचा आकडा तुटला. शेवटी माझ्या दुकानातली सायकलची तार घासून टोकाला वळवली. ती टिकली.

सकाळी त्याच तारेनं शेजारच्या बापूरावांची ट्रंक उघडून दिली. "लय उपकार झालं गड्या," म्हणाले.

दुपारी त्यांचं पलटणीतनं आणलेलं घड्याळ दिसंना. तडक दुकानात आले आन् चारचौघांत म्हणाले, "खिसा दाव रं."

घड्याळ त्यांच्याच विहिरीवर सापडलं. माफीचा शब्द न्हाई. आत्ता निरोप आलाय, "ट्रंकेला परत कुलूप लागलं, तार घेऊन ये."

तुमीच सांगा, जाऊ का? आन् गेलो, तर खिसा आधी दावू का मागनं?