तिच्या बाजूची बोरी

संक्रांतीच्या आदल्या रात्री गारा पडल्या, आणि संक्रांतीला संध्याकाळी पुन्हा येणार म्हणून मोबाईल सांगत होता. मधली दुपार तेवढी मोकळी. तेवढ्यात डोंग्यानं कन्हान नदी ओलांडून साळीकडं जाऊन यायचं मी ठरवलं. सौंसरला राहणारा पोरगा फोनवर तडकला, "बाबा, काहून जिवावर उदार होऊन राहिले? आई होती तवा गोष्ट वेगळी होती. डोंगा विका अन् इकडं या."

"नाही जमलं तर विकतो," मी म्हणलं. "जमलं तर पुन्हा नाव काढायचं नाही." मी हट्टी माणूस. बायको पोळ्याच्या आधी गेली, तेव्हापासून जास्तच.

आमच्या डोंग्याला शीड आहे. बंधाऱ्यामुळं गावाशी नदी चांगली पसरलीय, वल्हं मारून हात भरून येतात. शिडाची अक्कल तिचीच. एकदा कापूस बांधायची चादर वाळत घालताना वाऱ्यानं ती फुगली, तशी अंगणातूनच ओरडली, "अवो, हे मले ओढून राहिली, डोंग्याले नाही ओढणार?" दोन चादरी जोडून तिनं शीड शिवलं. गाव हसलं. दर संक्रांतीला आम्ही त्याच शिडावर तिच्या धाकट्या बहिणीकडं, माझ्या साळीकडं, जायचो. ती वाऱ्याच्या बाजूला बसायची, मी समोरच्या बाजूला, हातात शिडाची दोरी. सारा वेळ तिची बडबड. मी म्हणायचो, "चूप बस ना माय."

त्या दुपारी शीड बांधलं, डोंगा लोटला आणि सवयीनं आपल्या जागेवर जाऊन बसलो. शीड भरलं तसा डोंगा माझ्याच बाजूला कलंडला. अरे बाप्पा! पाणी आत. दोरी सोडली म्हणून वाचलो. वाऱ्याच्या बाजूला सरकायचं, एवढंच तर होतं. पण तिच्या जागेवर मला बसवेना. मधोमध उकिडवा बसलो, शीड अर्धंच भरू दिलं आणि ओल्या पायजम्यानं रडतखडत पलीकडं पोचलो. नदीवर चिटपाखरू नव्हतं. एकटं वाटलं, लय एकटं, आणि त्याचा रागही आला.

साळीनं तिळाचा लाडू हातावर ठेवला. तिच्या बागेत गारांनी संत्र्यांचा सडा पडला होता. मार खाल्लेला माल बाजारात कोण घेणार? त्यातलीच बरी निवडून तिनं बोरी भरून ठेवली होती. "भाऊजी, हे बाईच्या वाट्याचे. दरसाल नेत होती, यंदा काहून नाही?" थोरल्या बहिणीला ती बाईच म्हणायची. आभाळ भरून येत होतं. मुक्काम करा म्हणाली. मी ऐकलं नाही.

बोरी वाऱ्याच्या बाजूला ठेवली आणि समोर माझ्या जागेवर बसलो. शीड पुरं भरलं. डोंगा सरळ निघाला, कुठं म्हणून हलला नाही. अर्ध्या नदीत लक्षात आलं की मी बोलून राहिलो. पोरगा कसा दम देतो, भाजीत मीठ कसं रोज चुकतं, शेजारची गाय व्यायली, सगळं सांगत होतो. चूप बस म्हणायला कोणी नव्हतं.

काठ लागला. आधी मी उतरलो, डोंगा धरला आणि मागं वळून हात पुढं केला. ती कधी तो हात धरायची नाही. "मले का म्हातारी समजता?" म्हणायची आणि पदर खोचून उडी मारायची. तरी मी दरवेळी पुढं करायचोच.

समोर बोरी होती. हात तसाच राहिला. मनगटावर पहिली गार बसली तेव्हा भानावर आलो.

घरी येऊन पोराला फोन लावला.

"जमलं का?" त्यानं विचारलं.

"जमलं. एकदम सरळ आला डोंगा."

"मंग आता काय, तुमचंच खरं."

"नाही रे," मी म्हणलं. "डोंग्याले गिऱ्हाईक पाह."