डाग पाडायला शिकलेले मामा

मामांच्या लॉन्ड्रीत कपडा आला की ते आधी कपड्याकडे बघत नसत, डागाकडे बघत. माणसंही ते डागावरूनच ओळखायचे. "तुम्ही शाईचा खिसा ना? बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत!" असं भर रस्त्यात मोठ्याने विचारायचे आणि तो बिचारा चपापून आपला खिसा चाचपायचा. कुणाच्या घरी चहाला गेले तर कप हातात घ्यायच्या आधी टेबलक्लॉथचा कोपरा नखाने खरवडून बघायचे, आणि यजमानीणबाईंना हळूच सांगायचे, "गंज आहे. लिंबू लावा, जाईल." भाचीचे ते सख्खे मामा, पण तिच्या हाका ऐकून ऐकून अख्खी गल्लीच त्यांना मामा म्हणायला लागली होती. आणि त्यांच्या बायकोला, अर्थातच, मामी.

अशा माणसाच्या हातून आयुष्यात एकच गोष्ट बिघडली, आणि तीही धुण्यापायीच.

त्यांच्या लग्नात मामींच्या मावसभावाने उसन्या कॅमेऱ्यावर एक छोटी फिल्म काढली होती. दोन-तीन मिनिटांची, मुकी. मामींच्या माहेरच्यांनी ती भिंतीवर पाडून एकदाच पाहिली, मामा तेव्हा दुकानात अडकलेले, आणि मग ती डब्यात घालून ठेवून दिली. पुढे ओल लागून रिळावर पांढरे ठिपके आले. मामींचा चेहरा पडला. मामा तेव्हा नवे नवरे, त्यात नवी लॉन्ड्री. म्हणाले, "एवढंच ना? दे इकडे." गरम पाणी, मूठभर साबणाचा चुरा, वर झाकणभर ब्लीच. सगळं रीळ मन लावून खंगाळलं आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घातलं. संध्याकाळी गुंडाळून बायकोच्या हातात दिलं आणि छाती फुगवून म्हणाले, "एक डाग दाखव यात!"

मामींनी ते उजेडाकडे धरलं. डाग नव्हते. नवरी नव्हती, नवरा नव्हता, पाहुणे नव्हते. आणि फाटकाशी उभे असलेले मामींचे बाबाही नव्हते. काचेसारखी स्वच्छ पट्टी तेवढी उरली होती. बाबा तर लग्नानंतर वर्षाच्या आतच गेलेले. त्यांचा म्हणून एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा, आणि त्यात ते आत्ताच कुणीतरी पकडून आणल्यासारखे दिसत होते.

मामी तेव्हा रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्याऐवजी भांडण कशावरूनही निघो, ते एकाच मुक्कामाला जाऊन थांबायला लागलं.

"अगं, दूध उतू गेलं."

"जाणारच. जिथे माझे बाबा धुतले गेले, तिथे दुधाची काय कथा!"

मामांचे केस पिकले, तरी मुक्काम तोच राहिला.

मामांची भाची मित्रमैत्रिणींना गोळा करून पदरमोड करून लघुपट काढायची. तिचा एक लघुपट मामांनी पाहिला. काल-परवा काढलेला, पण दिसायला पन्नास वर्षांपूर्वीचा. रंग विटलेले, चित्र किंचित थरथरणारं, मध्येच एखादी रेघ सर्रकन जाणारी. मामांनी तो बघितला आणि दोन दिवस त्यांचं इस्त्रीत लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी भाचीला दुकानामागच्या खोलीत बोलावलं.

"मला माझं लग्न परत काढून दे."

"मामा, गेलेलं परत येत नाही रे. फक्त तसं वाटेल असं करता येईल."

"तेच म्हणतोय. मावसभावाकडे दुसरी प्रत सापडली असं तिला सांगू. वाढदिवसाला दाखवू. निदान एकदा तरी तिला बाबा दिसतील."

"म्हणजे मामीला मामा बनवायचं?"

"एक आहेच घरात," मामा म्हणाले, "आणखी एकाने काय फरक पडतो!"

भाचीच्या मैत्रिणीच्या घराला लाकडी फाटक होतं, ते ठरलं. नवरा-नवरी लांबून आणि धूसर दिसणार, त्यामुळे कुणीही चाललं असतं. प्रश्न बाबांचा होता. भाचीने मामांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "तूच. वयही आता तेवढंच आहे तुझं."

सासऱ्यांसमोर मामांचा आवाज कधी फुटला नव्हता. आता त्यांच्याच मिशा लावून, त्यांच्याच लेकीची पाठवणी करायची! पण मामी इतकी वर्षं सांगत आल्या होत्या: बाबा फाटकाशी उभे होते, हसले आणि हात हलवला. मामांनी आरशासमोर ते हसू आठवडाभर घोटलं. दुकानात आलेली गिऱ्हाइकं बिलाकडे बघून परत त्यांच्याकडे संशयाने बघायला लागली.

चित्रीकरणाच्या दिवशी भाचीने काळा नायलॉनचा पायमोजा मागितला. तो भिंगापुढे ताणून बसवला की चित्राची धार बोथट होते, उजेड जरा पसरतो. मामांनी मोजा आणला, पण धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळून. भाचीने तो तसाच ताणून बसवला. मग तिने भिंगावर कडेकडेने बोटाने हलका तेलकट हात फिरवला, दोनदा पुसला, पुन्हा फिरवला, मनासारखा जमला तेव्हा जरा फोनवर बोलायला बाजूला गेली. परत आली तर मामा चष्म्याच्या फडक्याने भिंग चमकवून उभे.

"ठसे होते गं बोटांचे. काढले मी. काळजी करू नकोस."

"मामा! ते मी मुद्दाम पाडले होते!"

"मुद्दाम?" असं कुणी मुद्दाम करतं, हे मामांनी धंद्याच्या इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

पुढे ओरखड्यांचा प्रश्न आला. संगणकावर आयते ओरखडे मिळतात, पण भाचीला ते नको होते. "सगळ्यांच्या लघुपटात तेच ओरखडे असतात रे. तीच रेघ, तोच केस. एखादी कोरी जुनी फिल्म मिळाली असती तर तिच्यावरची धूळ आणि चरे उचलून आपल्या चित्रावर चढवले असते."

कोरी जुनी फिल्म जगात आणखी कुणाकडे असेल-नसेल, मामांच्या घरात होती. मामींनी ती टाकून दिली नव्हती. शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मामी बाजारात गेल्या तशी मामांनी ती काढून आणली. भाचीने हात पुढे केला आणि तिला एकदम शंका आली. "मामा, पुसली नाहीस ना?"

मामांनी हातातलं फडकं पाठीमागे लपवलं. "निम्मीच पुसली होती. मग आठवलं."

उरलेल्या निम्म्या फिल्मवर मात्र चांगला मळ, धूळ आणि चरे निघाले. भाची खूश झाली. त्या दिवसापासून दुकानामागच्या खोलीत रोज दुपारी लॅपटॉप उघडून दोघं बसू लागली. आधी आधी मामा पडद्यावर बोट ठेवून सांगायचे, "इथे राहिलाय बघ एक डाग." भाची म्हणायची, "राहू दे." जुन्या फिल्मवरचं चित्र बारीक बारीक कणांचं बनलेलं असतं आणि ते कण सतत वळवळत असतात, हेही तिने समजावलं. "त्याला ग्रेन म्हणतात. दाणे म्हण ना सरळ." मामांना तो शब्द फार आवडला. हळूहळू त्यांची नजर फिरली. आता तेच सांगायचे, "कडेला जरा पिवळट कर. मळकं वाटू दे. हा कोपरा फार उजळ आहे, लोकांना वाटेल धुतलाय." बोलून गेल्यावर मात्र त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि त्यांनी पुढे येऊन दोन शर्ट जास्तच कडक इस्त्री केले.

घात झाला तो दाण्यांमुळे.

डॉक्टरांनी मामांना खारे दाणे सक्त बंद केले होते. मामा ते मुठीने खायचे आणि मग रात्रभर छातीवर हात ठेवून बसायचे, म्हणून मामींनी घरातून दाणे हद्दपार केले होते. आणि एका सकाळी मामी स्वयंपाकघरात असताना बाहेर मामा फोनवर बोलत होते, दबक्या आवाजात, म्हणजे घरभर ऐकू जाईल असं.

"नाही गं, दाणे कमी पडले काल. त्यांच्याशिवाय मजा नाही... हो हो, भरपूर टाक... मोठे. बारीक नकोत, कळतसुद्धा नाहीत ते... नाही, मामीला काही पत्ता नाही. दुपारी ये, मागच्या खोलीत बसू."

मामींनी गॅस बंद केला. भाची! घरची पोरगी, आणि मामाला चोरून दाणे चारते!

दुपारी मामी दुकानात शिरल्या त्या थेट मागे. पडदा सर्रकन बाजूला केला. आत मामा मिशा लावून बसलेले. हसण्याचा एक तुकडा पुन्हा घ्यायचा होता म्हणून.

मिशांकडे मामींचं लक्षच गेलं नाही. "तोंड उघडा."

"अगं, पण..."

"उघडा म्हणते ना!"

मामांनी तोंड उघडलं. मामींनी वास घेतला, दातांत डोकावून पाहिलं. काही नाही. खिसे तपासले. काही नाही. "कुठे आहेत दाणे?"

"मामी," भाची कशीबशी हसू दाबत म्हणाली, "दाणे यात आहेत." आणि तिने लॅपटॉपच्या पडद्याकडे बोट दाखवलं.

पडद्यावर फाटक होतं. विटलेलं, थरथरणारं. फाटकाशी मिशीवाला एक माणूस उभा होता, तो हसला आणि त्याने हात हलवला.

मामी धुवायच्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसल्या. "हे कोण?"

"तुझे बाबा," मामा घाईघाईने म्हणाले. "तुझ्या मावसभावाकडे दुसरी प्रत..." एवढ्यात त्यांच्या मिशीची डावी बाजू सुटली आणि ओठावर लोंबायला लागली. मामींनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा मिशीकडे, आणि पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की भाचीने पाण्याचा ग्लास पुढे केला. मामाही हसायला लागले. वाटलं, निभावलं.

पण हसू थांबल्यावर मामी पडद्याकडेच बघत राहिल्या.

"बाबांच्या शर्टाला इस्त्री कधी नसायची," त्या म्हणाल्या. "आणि ते हसले नव्हते."

"असं काय करतेस? तूच सांगतेस ना, हसले, हात हलवला!"

"सांगते. सांगायचे, कारण लोक विचारायचे." मामींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "फिल्ममध्ये त्यांची पाठच होती. तुम्ही पुढे गेला होतात. मी निघाले तसे ते वळले आणि फाटकाच्या कडीशी खटपट करत बसले. म्हणे, कडी बसत नाही. कडी चांगली होती हो. बापाने पाठ फिरवली असं कुणाला सांगू? म्हणून मीच त्यांना हसवलं. सांगता सांगता मलाही तसंच दिसायला लागलं."

इतकी वर्षं मामांनी धुऊन टाकलेलं हसू मनावर बाळगलं होतं, आणि ते हसू मुळात तिथे नव्हतंच. त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पाठ तर होती ना. ती तर त्यांनीच धुतली होती.

"मग हे पुसून टाकतो," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"आता काहीही पुसू नका!" मामी उठल्या. "मिशा काढा त्या. पाठीला मिशा कशाला हव्यात? आणि तो शर्ट द्या इकडे."

मामांनी शर्ट काढून दिला. मामींनी तो दोन्ही हातांनी पिळला, चुरगळला, गोळा करून गाठोड्याखाली दाबला आणि वर बसल्या. आपल्या हातची इस्त्री अशी मोडताना मामांना बघवेना. ते बनियनवर उभे राहून भिंतीकडे बघत राहिले.

रविवारी सगळी पुन्हा फाटकापाशी गेली. भाचीने मोजा ताणून बसवला, भिंगावर बोटं फिरवली, आणि या वेळी मामा चार हात लांब उभे राहिले. नवरा-नवरीचं काम करणारी दोघं निघायच्या तयारीत होती. मामी कॅमेऱ्याच्या मागे उभ्या राहून बारीक नजरेने बघत होत्या.

"डावा खांदा पाडा. अजून. इतके ताठ नका हो राहू, बाबा काही शिपाई नव्हते. मान खाली. हां. आता कडी हलवा. घाईने नका, तिच्यात काही बिघडलंच नाहीये. उगाच हलवा."

मामा उगाच कडी हलवत राहिले. पाठ कॅमेऱ्याकडे, शर्ट चुरगळलेला, मागचं त्यांना काहीच दिसत नव्हतं. नवरी निघाल्याचा पायरव ऐकू आला. तो लांब गेला. भाची अजून "कट" म्हणाली नव्हती.

आणि मागून, अगदी जवळून, हलक्या आवाजात शब्द आले, "येते हं, बाबा."

मामांना वळावंसं वाटलं. पण वळायचं नव्हतं. त्यांनी कडी घट्ट धरली आणि मान आणखी खाली घातली.

"कट," भाची जरा उशिराच म्हणाली.

मामींनी नाक ओढलं. "पुन्हा घ्या. मी मध्येच बोलले."

"मामी, यात आवाज नाहीये. मुकीच आहे ही."

"असू दे," मामी म्हणाल्या. "पुन्हा घ्या."